माळ्यावर दिलेली वचने

गुड फ्रायडेला, २१ मार्च १९१३ रोजी, अमेरिकेतल्या ओहायो आणि इंडियाना राज्यांवरून सोसाट्याचा वारा वाहिला. तारायंत्राचे आणि टेलिफोनचे खांब ठिकठिकाणी आडवे झाले. लोक ईस्टरच्या तयारीत होते. तारा काय, चार दिवसांत पुन्हा ओढल्या जातील, असेच बहुतेकांना वाटले. पण त्या काळी हवामान खात्याला पावसाचे आकडे आणि नद्यांची पातळी कळायची ती तारेने, आणि खात्याचे इशारे गावोगाव जायचे तेही तारेनेच. पुढच्या चार दिवसांत या दोन्हींची जितकी गरज पडली तितकी त्या प्रदेशाला आधी कधी पडली नव्हती.

रविवारी, ईस्टरच्या संध्याकाळी, नेब्रास्कातल्या ओमाहा शहरात चक्रीवादळ शिरले आणि सुमारे शंभर माणसे दगावली. त्याच रात्री इंडियानातल्या टेर होट गावाला दुसऱ्या वादळाने झोडपले. देशाचे लक्ष ओमाहाकडे लागले. मदतीसाठी रेड क्रॉसची माणसे तिकडे निघाली. दरम्यान इंडियाना आणि ओहायोवर पाऊस सुरू झाला होता. सुरुवातीला त्यात बातमी व्हावी असे काही नव्हते.

अटलांटिकच्या बाजूला जास्त दाबाचा एक पट्टा ठाण मांडून बसला होता, तर उत्तरेकडून कॅनडातली थंड हवा खाली सरकत होती. या दोहोंमधून नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे जाणारी अरुंद वाट उरली आणि कमी दाबाची क्षेत्रे एकामागून एक त्याच वाटेने येत राहिली. मेक्सिकोच्या आखातावरचे बाष्प ती घेऊन येत आणि त्याच त्या पट्ट्यावर रिकामे करत. २३ ते २७ मार्च या पाच दिवसांत ग्रेट मायामी नदीच्या खोऱ्यात ८ ते ११ इंच पाऊस पडला. कोकणातल्या किंवा महाबळेश्वरच्या माणसाला हा आकडा फार वाटणार नाही. तिथे भर आषाढात एवढा पाऊस एका दिवसातही होऊन जातो. पण ओहायोतला तो मार्च होता. हिवाळा नुकता सरला होता आणि जमीन आधीच पाण्याने तुडुंब होती. झाडांना पालवी नव्हती, शेतांत पीक नव्हते. पाणी धरून ठेवील असे वाटेत काहीच नव्हते. पडलेल्या पावसातला जवळजवळ नव्वद टक्के भाग सरळ ओढ्यानाल्यांना आणि तिथून नदीला मिळाला.

या खोऱ्यातले सर्वांत मोठे शहर डेटन. १९१० च्या शिरगणतीनुसार लोकसंख्या १,१६,५७७. कारखान्यांचे शहर म्हणून त्याचा लौकिक होता. दुकानातल्या गल्ल्यावरची कॅश रजिस्टर यंत्रे इथून जगभर जात. राइट बंधूंची सायकलची कार्यशाळाही इथलीच. १७९६ मध्ये वसाहतवाल्यांनी जागा निवडली ती नदीच्या वळणावर. स्टिलवॉटर आणि मॅड या दोन नद्या आणि वूल्फ क्रीक हा मोठा ओढा, तिघेही ग्रेट मायामीला शहरातच किंवा त्याच्या वेशीवर येऊन मिळतात. वरच्या सुमारे अडीच हजार चौरस मैलांवर पडलेले पाणी या एका जागी गोळा होते. इथे पाणी चढते, असे मूळ रहिवाशांनी वसाहतवाल्यांना बजावले होते, अशी आठवण डेटनमध्ये पिढ्यानपिढ्या सांगितली जाते. आणि नदीने स्वतःही ते वारंवार सांगितले होते. १८०५, १८२८, १८४७, १८६६, १८८३, १८९७ आणि १८९८: एका शतकात मोठे पूर येऊन गेले ते इतके. दर पुरानंतर मातीचे बांध थोडे उंच व्हायचे आणि बांधांच्या भरवशावर घरे नदीकडे आणखी सरकायची. पूल झाले, त्यांचे खांब पात्रात उतरले. पात्र अरुंद होत गेले आणि शहर निश्चिंत होत गेले.

सोमवारी, २४ मार्चला सकाळी सात वाजता नदी ११.६ फुटांवर होती आणि चढत होती. पाऊस थांबायचे नाव घेत नव्हता. त्या मध्यरात्री हर्मन स्ट्रीटजवळचा बांध खचत असल्याचे पोलिसांना कळले. भोंगे वाजले, घंटा वाजल्या. काही लोक उठून उंचावर गेले. बहुतेक घरातच थांबले, कारण पाणी आले तर तळघरात येईल, फार तर ओटीवर, एवढाच त्यांचा आजवरचा अनुभव होता. मंगळवारी पहाटे साडेपाचला शहर अभियंत्यांनी नोंद केली: पाणी बांधाच्या माथ्याला लागले आहे, विसर्ग सुमारे १ लाख क्युसेक. सहा वाजता पाणी बांधांवरून वाहू लागले. आठच्या सुमारास व्यापारी पेठेच्या बाजूचे बांध फुटले.

त्यानंतरचा पूर चढत आला असे म्हणता येत नाही. तो रस्त्यांतून धावत आला. घोडे गाड्यांसकट वाहून गेले. माणसे पहिल्या मजल्यावरून दुसऱ्यावर, तिथून माळ्यावर चढली. जिथे माळाही पुरेना तिथे आतून छपराच्या फळ्या फोडून वर आली. टेलिफोनच्या जाड तारांना लोंबकळत, हातापायांनी सरकत, एका इमारतीवरून दुसरीवर गेलेल्या माणसांच्या हकीकती नोंदल्या गेल्या आहेत. बुधवारी मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास पूर कळसाला पोचला तेव्हा पेठेत काही ठिकाणी वीस फूट पाणी होते. नदी त्या वेळी सुमारे अडीच लाख क्युसेकने वाहत होती, असे नंतरच्या मोजणीत निघाले. ज्या पात्रातून जेमतेम लाखभर जाऊ शकत होते, त्यातून अडीच लाख.

पाण्यापाठोपाठ आग आली. गॅसच्या फुटलेल्या नळ्यांतून वायू साठत होता. बुधवारी सकाळी पेठेत स्फोट झाला आणि इमारतींची एक आख्खी रांग पेटली. अग्निशामक दल तिथे पोचणे शक्यच नव्हते. चहूकडे पाणी असताना माणसे एका छपरावरून दुसऱ्यावर उड्या मारत आगीपासून पळत होती. त्यात थंडी परतली आणि बर्फ पडू लागले. दोन दिवस, दोन रात्री हजारो कुटुंबे अन्नपाण्यावाचून, ओल्या कपड्यांत, अंधाऱ्या माळ्यांवर बसून होती.

बाहेरच्या जगाला यातले फारसे कळत नव्हते. डेटन आणि राजधानी कोलंबस यांच्यात एक धागा तेवढा शिल्लक राहिला. टेलिफोन कंपनीचा जॉन बेल हा कर्मचारी पाण्याने वेढलेल्या केंद्राच्या इमारतीत अडकला होता. लाइनमन लोक तारा तपासायला वापरतात तसल्या छोट्या यंत्राने त्याने उत्तरेच्या फोनटन गावातले केंद्र गाठले आणि तिथून गव्हर्नर जेम्स कॉक्स यांच्याशी बोलणे जुळवले. दिसते तेवढे तो तासातासाला कळवत राहिला. कॉक्स स्वतः डेटनचे, तिथल्या ‘डेटन डेली न्यूज’चे मालक. गव्हर्नर होऊन त्यांना अडीच महिने झाले होते. राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांना तर अवघे तीन आठवडे. कॉक्स यांनी नॅशनल गार्डला पाचारण केले, पुरग्रस्त भागात लष्करी कायदा लागू केला, बँकांना सुटी जाहीर केली. पण रेल्वेमार्ग उखडले होते आणि पूल वाहून गेले होते, त्यामुळे सैनिकांनाही शहरात पोचायला वेळ लागत होता. पहिले दोन दिवस डेटनला तारले ते डेटनच्याच माणसांनी.

त्यांच्यात सर्वांत पुढे होते जॉन पॅटरसन, नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीचे, म्हणजे एनसीआरचे, अध्यक्ष. वय ६८. मंगळवारी पहाटे त्यांनी बांधांची पाहणी केली आणि आता हे टिकत नाहीत असे ताडले. बांध फुटायच्या आधीच त्यांनी अधिकाऱ्यांना बोलावून सांगितले की कंपनीचे काम या क्षणापासून बंद. आता आपण नागरिकांची मदत समिती आहोत. कारखाना दक्षिणेच्या उंचवट्यावर होता; त्याची वीज स्वतःची, पाणीही स्वतःचे. सुतारखात्याला हुकूम गेला, सपाट तळाच्या होड्या करा. कॅश रजिस्टरच्या पेट्या बनवणाऱ्या कारागिरांनी दोन-तीन दिवसांत सुमारे ३०० होड्या बनवल्या. भटारखान्यात पाव भाजले जात होते, कचेऱ्यांत गवत अंथरून झोपायची सोय झाली, एका भागात दवाखाना आणि एका भागात शवागार. पॅटरसन यांचा मुलगा फ्रेडरिक होडी घेऊन लोकांना काढायला गेला. बातमीदारांसाठीही खाटा आणि तारेची सोय होती. डेटनची कहाणी देशभर पोचली त्यात या सोयीचा वाटा होता.

हेच पॅटरसन त्या वेळी शिक्षा झालेले गुन्हेगार होते. प्रतिस्पर्ध्यांना बाजारातून हुसकावण्यासाठी गैरमार्ग वापरल्याच्या आरोपाखाली मक्तेदारीविरोधी कायद्यान्वये फेब्रुवारी १९१३ मध्ये सिनसिनाटीच्या न्यायालयाने त्यांना आणि त्यांच्या दोन डझनांहून अधिक अधिकाऱ्यांना दोषी ठरवले होते. पॅटरसन यांना एक वर्षाची कैद झाली होती आणि ते अपिलात होते. पुरानंतर त्यांना माफी द्यावी म्हणून विल्सन यांच्याकडे अर्जांचा पाऊस पडला. मला माफी नको, न्याय हवा, अशी भूमिका घेऊन पॅटरसन यांनी ती नाकारली. १९१५ मध्ये वरच्या न्यायालयाने शिक्षा रद्द केली. त्यांच्या व्यापारातल्या वागण्याबद्दल काहीही मत असो, त्या मंगळवारी पहाटे त्यांनी घेतलेल्या निर्णयाने असंख्य माणसे वाचली.

पूर काही डेटनपुरता नव्हता. खालच्या अंगाला हॅमिल्टन शहराचे चारही पूल एकाच दिवशी गेले, शहराचे दोन तुकडे झाले आणि दोनशेहून अधिक माणसे मेली. लहान शहर आणि डेटनपेक्षा मोठा आकांत. पण वर्तमानपत्रांत हॅमिल्टनला डेटनच्या मानाने जागा मिळाली नाही. कोलंबसमध्ये सायोटो नदीने पश्चिमेकडची वस्ती बुडवली, आणि वर धरण फुटल्याची खोटी आवई उठून शहराच्या कोरड्या भागातलीही माणसे जिवाच्या आकांताने पळाली. लेखक जेम्स थर्बर त्या वेळी तिथे शाळकरी वयाचे होते. त्यांनी पुढे त्या पळापळीवर एक प्रसिद्ध कथा लिहिली. इंडियानात पेरू गावी सर्कशीचा हिवाळी तळ होता. तिथले हत्ती आणि इतर प्राणी बुडाले. ओहायोच्या जुन्या कालव्यांचे दरवाजे आणि काठ ठिकठिकाणी इतके मोडले की ते पुन्हा दुरुस्त करण्यात अर्थ उरला नाही. राज्याच्या कालवा वाहतुकीचा शेवट या पुराने केला. एकट्या ओहायोत चारशेहून अधिक बळी गेले. त्यातले ३६० हून अधिक मायामी खोऱ्यातले होते. तिथेच सुमारे ६५ हजार लोक बेघर झाले.

डेटनच्या हॉथॉर्न स्ट्रीटवर राइट कुटुंबाचे घर होते. विल्बर आदल्या वर्षी वारला होता. ऑर्व्हिल आणि बहीण कॅथरीन मंगळवारी सकाळी घाईघाईने बाहेर पडले. ८४ वर्षांच्या वडिलांना होडीतून काढले गेले. घरामागच्या छपरीत छायाचित्रांच्या काचा होत्या. त्यांतच १७ डिसेंबर १९०३ ला किटी हॉक इथे विमान जमीन सोडत असतानाची काच होती. ते पहिले विमानही खोक्यांत बंद करून डेटनमध्येच ठेवलेले होते आणि तेही कित्येक दिवस पाण्या-चिखलाखाली गेले. दोन्ही वाचले. त्या जगप्रसिद्ध छायाचित्राचा एक खालचा कोपरा उडालेला दिसतो, तो या पुराचा व्रण आहे.

पाणी ओसरल्यावर घराघरांत हात-हात गाळ निघाला. सुमारे १४०० मेलेले घोडे रस्त्यांतून उचलावे लागले. पाणी उकळून प्या, अशा पाट्या चौकाचौकांत लागल्या, आरोग्य पथकांनी शहराचे विभाग वाटून घेतले, आणि ज्याची सर्वांना धास्ती होती ती विषमज्वराची साथ आली नाही. त्याच वर्षी मतदारांनी नवी सनद मंजूर केली आणि १ जानेवारी १९१४ पासून शहराचा कारभार नेमलेल्या व्यावसायिक व्यवस्थापकाकडे गेला. एवढ्या मोठ्या अमेरिकन शहरात असे पहिल्यांदाच घडत होते. नगरसुधारणेची ती मागणी जुनी होती. पुराने तिला जोर आला.

खरा प्रश्न नदीचा होता. आधीच्या सात पुरांनंतर बांध उंच करून शहर कामाला लागले होते आणि या वेळीही तेच होणे सोपे होते. तसे झाले नाही, याचे एक कारण लोक दोन दिवस माळ्यावर बसले होते हे आहे. मदत समितीने नदीच्या कायमच्या बंदोबस्तासाठी २० लाख डॉलरचा निधी उभारायचे ठरवले आणि एकच आवाहन केले: माळ्यावर दिलेली वचने आठवा. तिथे, पाणी पायऱ्या चढत असताना, प्रत्येकाने देवाला किंवा स्वतःला काहीतरी कबूल केले होते. जुन्या कोर्टाच्या इमारतीसमोर एक भलेमोठे कॅश रजिस्टर उभारले होते, जमा रकमेचा आकडा सर्वांना दिसावा म्हणून. मे महिना संपण्याआधी २० लाखांच्या वर वचने गोळा झाली. देणारे होते सुमारे २३ हजार जण, आणि त्यांतल्या कित्येकांची स्वतःची घरे अजून ओली होती.

हे पैसे कशावर खर्च करायचे हे ठरवण्यासाठी मेम्फिसहून आर्थर मॉर्गन या अभियंत्याला बोलावले गेले. वय पस्तिशीच्या आसपास, अभियांत्रिकीची पदवी नाही. वडील भूमापक, त्यांच्या हाताखाली काम शिकलेला. शहरातल्या मातब्बरांना वाटत होते की पात्र रुंद-खोल करावे आणि काम उरकावे. मॉर्गन यांनी घाई केली नाही. त्यांचा पहिला प्रश्न होता: १९१३ चा पूर हाच सर्वांत मोठा, हे कशावरून? अमेरिकेतल्या नोंदी जेमतेम काही दशकांच्या होत्या, म्हणून त्यांनी डॅन्यूबसारख्या युरोपीय नद्यांच्या शेकडो वर्षांच्या नोंदी तपासून घेतल्या आणि पूर्व अमेरिकेतल्या मोठ्या पावसांचा स्वतंत्र अभ्यास करवला. निष्कर्ष असा निघाला की याहून मोठा पूर येऊ शकतो, पण फार मोठा नाही. आराखडा १९१३ च्या पुराला चाळीस टक्के जास्त धरून करायचे ठरले.

एवढे पाणी डेटनमधून न्यायचे तर अर्धे गाव पाडून पात्र करावे लागले असते. म्हणून मॉर्गन यांनी शहर सोडून खोऱ्याकडे पाहिले. खोऱ्यात ठिकठिकाणी, ग्रेट मायामीवर आणि तिच्या उपनद्यांवर, पाच धरणे: जर्मनटाउन, एंगलवुड, लॉकिंग्टन, टेलर्सव्हिल आणि हफमन. मातीची ही धरणे नेहमी रिकामी राहणार होती. पायथ्याशी काँक्रीटची बोगद्यासारखी वाट, तिला दरवाजाच नाही. रोजची नदी तिच्यातून जशी वाहते तशी वाहील. पूर आला की त्या वाटेतून मावेल तेवढेच पाणी पुढे जाईल, उरलेले मागे शेतांवर पसरेल आणि दोन-चार दिवसांत आपोआप निघून जाईल. कोणी कर्मचारी झोपला, कोणी चुकीचा अंदाज केला, वीज गेली, तरी काही बिघडत नाही. उघडायचे-मिटायचे काही नाहीच. फ्रान्समध्ये ल्वार नदीवर पिने इथे १७११ मध्ये बांधलेल्या अडसराचे उदाहरण मॉर्गन यांच्यासमोर होते. या एका निर्णयात त्यांचे सारे शहाणपण आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. पाण्याने भरलेले धरण वीज देते, सिंचन देते, पण पूर अडवायला त्यात जागा लागते, आणि भरलेल्या धरणात नेमकी तीच नसते. एका धरणाकडून सगळेच मागितले की पुराच्या दिवशी काहीतरी द्यायचे राहून जाते.

वरच्या अंगाच्या शेतकऱ्यांना यातले काही पटेना, आणि त्यांचा राग समजण्यासारखा होता. डेटन नदीत जाऊन बसले ते डेटनच्या हौसेने. मग त्याच्यासाठी शेल्बी आणि मायामी काउंटीतल्या जमिनी का बुडवायच्या? धरणाचे नाव काढले की लोकांना पेनसिल्वेनियातले जॉन्सटाउन आठवे. १८८९ मध्ये तिथे वरचे मातीचे धरण फुटून २,२०९ माणसे मेली होती. शिवाय तोवर ओहायोत अनेक काउंट्यांनी मिळून एक नदी सांभाळावी अशी कायद्यात सोयच नव्हती. डेटनचे वकील जॉन मॅकमॅहन यांनी मसुदा केला आणि फेब्रुवारी १९१४ मध्ये कॉक्स यांनी त्या कायद्यावर सही केली. खोऱ्याचा मिळून एक जिल्हा, त्यावर नऊ काउंट्यांच्या न्यायाधीशांचे न्यायालय, आणि ज्याच्या मालमत्तेला संरक्षण मिळेल त्याने त्या लाभाच्या प्रमाणात पैसे भरायचे, अशी त्याची मांडणी होती. कायदा रद्द करण्याचे प्रयत्न झाले, सभा गाजल्या, खटले वरपर्यंत गेले. २८ जून १९१५ रोजी मायामी कॉन्झर्व्हन्सी डिस्ट्रिक्ट स्थापन झाला.

काम १९१८ च्या सुरुवातीला निघाले, पहिले महायुद्ध चालू असताना. माणसे मिळेनात, पोलाद मिळेना, कंत्राटदार वाटेल ते दर सांगत. मॉर्गन यांनी बरेचसे काम कंत्राटाशिवाय स्वतःच करायचे ठरवले आणि प्रत्येक धरणापाशी घरे, शाळा, वीज असलेली वसाहत उभारली, कारण कुटुंब जवळ असलेला मजूर टिकून काम करतो असा त्यांचा अनुभव होता. बोगद्यातून सुसाट बाहेर येणारे पाणी पायाखालची माती खाऊन टाकील, ही मोठी अडचण होती. पायऱ्यांच्या आणि अडथळ्यांच्या रचनेने पाण्याचा जोर त्याच्यावरच उलटवून मोडायचा हा उपाय, आणि त्याचे प्रयोग एडवर्ड डीड्स यांच्या बंगल्यातल्या पोहण्याच्या तलावात झाले. डीड्स हे एनसीआरचे माजी अधिकारी आणि या जिल्ह्याचे पहिले अध्यक्ष. पाचांतले सर्वांत मोठे धरण एंगलवुडचे, सुमारे ११० फूट उंच आणि ४,७०० फूट लांब. १९२२ पर्यंत पाचही धरणे आणि शहरांतली पात्रसुधारणा पूर्ण झाली. खर्च तीन कोटी डॉलरच्या वर गेला. वॉशिंग्टनचा त्यात एक डॉलरही नव्हता. खोऱ्यातल्या लोकांनी रोखे काढले आणि वर्षानुवर्षे फेडले.

किंमत पैशाचीच नव्हती. हफमन धरणामागच्या बुडीत क्षेत्रात ऑसबर्न हे गाव येत होते. गावकऱ्यांनी घरे न पाडता उचलून न्यायचे ठरवले. जवळजवळ चारशे घरे ओंडक्यांवर आणि चाकांवर चढवून सुमारे तीन किलोमीटर पलीकडे, फेअरफिल्ड गावाच्या शेजारी, नेऊन ठेवली गेली. १९५० मध्ये दोन्ही गावे एक झाली आणि नावही जोडून झाले, फेअरबॉर्न. धरणांमागची सुमारे ३५ हजार एकर जमीन कायमची पुरासाठी राखली गेली. तिथे शेती करता येते, घर बांधता येत नाही. जमीन विकली गेली तरी ही अट तिच्याबरोबर जाते. राइट बंधूंनी १९०४-०५ मध्ये जिथे विमान वळवायला आणि हवेत टिकवायला शिकून घेतले ते हफमन प्रेअरीचे कुरणही याच पट्ट्यात आहे.

जानेवारी १९५९ मध्ये खोऱ्यावर पुन्हा जबर पाऊस झाला. धरणांमागे आजवरचे सर्वांत जास्त पाणी साठले आणि डेटन कोरडे राहिले. १९२२ पासून आजवर या धरणांनी दोन हजारांहून अधिक वेळा पाणी अडवले आहे. यातले बहुतेक प्रसंग वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरही आले नाहीत.

मॉर्गन पुढे १९३३ मध्ये टेनेसी व्हॅली ऑथॉरिटीचे पहिले अध्यक्ष झाले. १९३८ मध्ये सहकाऱ्यांशी झालेला वाद विकोपाला जाऊन राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्यांना पदावरून काढले. दहा वर्षांनी ते भारतात आले, अभियंता म्हणून नव्हे. डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालच्या १९४८-४९ च्या विद्यापीठ शिक्षण आयोगाचे ते सदस्य होते आणि त्या अहवालातल्या ग्रामीण विद्यापीठांच्या कल्पनेवर त्यांचा ठसा आहे. आयोगात त्यांच्या शेजारी होते भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहा. १९४३ मध्ये दामोदर नदीने बांध फोडून कलकत्त्याचा रेल्वे आणि रस्त्याचा मार्ग तोडला, तेव्हा टेनेसीच्या धर्तीवर दामोदर खोऱ्याची योजना हवी असा आग्रह साहांनी धरला होता. टेनेसीहून आलेल्या वूरडुइन या अभियंत्याने आराखडा केला: दहा लाख क्युसेकचा पूर अडीच लाखांवर आणायचा. त्यासाठी आठ धरणे होती. १९४८ मध्ये दामोदर व्हॅली कॉर्पोरेशन स्थापन झाले आणि त्याने बांधली चार. त्यांतल्या मैथॉन आणि पंचेत या धरणांच्या मागची जमीन पुरापुरती ठरली होती तितकी संपादित झाली नाही, आणि वीज व सिंचनासाठी पाणी राखायचा तगादा होताच. १९७८ मध्ये खालच्या बंगालात पुन्हा मोठा पूर आला. डेटनमध्ये जे सर्वांत अवघड होते, वरच्या जमिनीचा कायमचा हक्क विकत घेणे आणि धरण रिकामे ठेवणे, तेच नेमके दामोदरवर अर्धवट राहिले.

मायामीच्या धरणांनी शंभरी ओलांडली आहे. माती शाबूत आहे, पण काँक्रीट झिजले आहे, दुरुस्त्या मोठ्या आहेत, आणि कायदा अजून तोच आहे: ज्याला संरक्षण, त्याने पैसे द्यायचे. १९१३ चा पूर पाहिलेले आता कोणी उरलेले नाही. २०२४ मध्ये डिस्ट्रिक्टने मालमत्तांवरची आकारणी वाढवायचा प्रस्ताव मांडला, तेव्हा सर्वांत तीव्र विरोध झाला तो हॅमिल्टन शहरातून आणि त्याच्या बटलर काउंटीतून. बिले अनेक पटींनी वाढतील अशी तक्रार होती. वाढ थोपवून धरली गेली आणि दुरुस्तीचे पैसे कुठून आणायचे याची चर्चा नव्याने सुरू झाली.